आमच्या गावची पाचखणी शाळा: पाटीवरचं '१८६५' कुठून आलं?

वेशीवरचा वड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. करवीर तालुक्याच्या पश्चिमेला, भोगावतीच्या काठावर आमचं गाव आहे. गावाच्या मधोमध, मारुतीच्या देवळाला लागून जुनी शाळा उभी आहे, तिच्याबद्दल लिहितोय. पाच खणांची इमारत, पुढं लांबलचक सोपा, कमरेएवढं जोतं. खिडकीच्या तळापर्यंत घडीव काळा दगड, त्यावर चुन्यातल्या विटा आणि माथ्यावर मंगलोरी कौलं. सोप्यातल्या तुळईला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलाय, तीच शाळेची घंटा. तिचा आवाज ओढ्यापलीकडच्या शिवारात ऐकू यायचा आणि त्यावर बायका भांगलणीतनं न्याहारीला उठायच्या.

माझे आजोबा, वडील आणि मी, तिघंही याच इमारतीत शिकलो. आता वर्ग मागच्या स्लॅबच्या खोल्यांत भरतात. जुन्या इमारतीला चार वर्षं कुलूप आहे. गेल्या महिन्यात ग्रामपंचायतीत विषय आला की इमारतीचं निर्लेखन करायचं, म्हणजे ती दप्तरातनं कमी करून पाडायची, आणि त्याच जागी दोन नव्या खोल्या बांधायच्या.

दारावरच्या पाटीवर 'स्थापना सन १८६५' असं लिहिलंय. मी तिसरीत असताना गुरुजींनी शाकारणीच्या वेळी उतरवलेल्या एका कौलावर हा आकडा वाचला आणि पाटी रंगवून घेतली, हे मला आठवतंय. आता नव्या इमारतीवरही हेच साल घालायचं ठरतंय. गावाला या आकड्याचा फार अभिमान आहे, मलाही होता. पण आजोबा सांगायचे की त्यांच्या थोरल्या भावाची शाळा देवळात भरायची. मग १८६५ ची इमारत असताना पोरं देवळात का बसत होती?

इमारतीचं वय कसं काढायचं, कुणाला माहिती असेल तर सांगा. दगडकाम, छप्पर आणि त्या कौलाचे फोटो टाकलेत.

कौलारू

वडदादा, कौलाचा फोटो मोठा करून बघितला. त्यावर बासेल मिशन (स्वित्झर्लंडचं ख्रिस्ती मिशन) टाइल वर्क्स असं आहे आणि खाली १८६५. हे साल तुमच्या शाळेचं नाही आणि त्या कौलाचंही नाही. मंगळूरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ साली सुरू झाला, ते साल ते आपल्या छापात घालायचे. पुढं कित्येक वर्षं निघालेल्या कौलांवर तोच आकडा उमटत राहिला. कोकणात, घाटावर, गोव्यात या आकड्यावरनं आपलं घर १८६५ चं समजणारी पुष्कळ माणसं मला भेटली आहेत.

तरी कौल उपयोगाचं आहे. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारनं मिशनचे कारखाने ताब्यात घेतले आणि पुढं ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. म्हणजे मिशनच्या नावाचं कौल बहुतेक त्याआधीचं. पण कौल एका छपरावरनं उतरून दुसऱ्या छपरावर चढतं. जुन्या वाड्याची कौलं शाळेला दिली, असं गावोगावी झालंय. त्यामुळं एका कौलावर जाऊ नका. छपरावर किती प्रकारचे छाप आहेत ते मोजा. सगळी एका छापाची असली तर ती इमारतीबरोबर आली. पाच छापांची असली तर ती दुरुस्त्यांची नोंद आहे.

आणखी एक गोष्ट. मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ ला सुरू झाली. त्याआधी एवढी कौलं मंगळूरहून जहाजानं कोकणच्या बंदरात आणि तिथनं बैलगाडीनं घाट चढवून आणायची, हा खर्च राजवाड्याला परवडेल, खेड्यातल्या शाळेला नाही. त्यामुळं तुमची इमारत रेल्वेनंतरची आहे असं मी धरून चालतो.

शाहूनगरी

इतिहासाच्या बाजूनं थोडं सांगतो. तुमच्या आजोबांची आठवण पाटीपेक्षा भरवशाची आहे.

प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही मागणी महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढं केली होती. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी आधी अमरेलीत प्रयोग केला आणि १९०६ ला तो राज्यभर नेला. गोखल्यांनी १९११ साली केंद्रीय कायदेमंडळात विधेयक मांडलं, ते फेटाळलं गेलं. या पार्श्वभूमीवर शाहू महाराजांनी सप्टेंबर १९१७ मध्ये करवीर (कोल्हापूर) संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करण्याचा कायदा केला. मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांचा कायदा झाला तो १९१८ साली, आणि तोही नगरपालिकांपुरता. कोल्हापूरचा कायदा खेड्यांसाठी होता. पोराला शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिन्याला १ रुपया दंड होता. त्या काळी मजुराच्या घराला हा रुपया जड होता.

या योजनेतली पहिली शाळा ४ मार्च १९१८ ला चिखलीत सुरू झाली. हे चिखली म्हणजे प्रयाग चिखली, तुमच्याच करवीर तालुक्यातलं. पुढं गावोगाव शाळा निघाल्या, पण इमारती कुठं होत्या? देवळात, चावडीत, धर्मशाळेत वर्ग भरले. म्हणजे शाळा आधी आणि इमारत मागाहून, असं पुष्कळ ठिकाणी झालं. 'स्थापना' लिहिताना या दोन तारखा वेगळ्या ठेवा.

एक विचारतो. तुमचं गाव खालशातलं, म्हणजे थेट संस्थानच्या कारभारातलं, की एखाद्या जहागिरीतलं? कागल, बावडा, विशाळगड, इचलकरंजी यांचे कारभार वेगळे होते, कागदही वेगळीकडे सापडतात.

वेशीवरचा वड (धागाकर्ता)

गाव खालशातलं, दादा. कौलं मोजली. पोरांना घेऊन शिडीनं चढलो, दोन खणांत मिळून तीन छाप निघाले.

खरं सांगू, कौलारू यांचा प्रतिसाद वाचून रात्री वाईट वाटलं. दीडशे वर्षांची शाळा एका संध्याकाळी शंभरीच्या आसपास आली. पण मग शाहूनगरी यांचं वाचलं आणि वाटलं, १८६५ पेक्षा १९१७ शी नातं निघालं तर ते गावाला जास्त शोभेल. १८६५ साली आमच्या घरातलं कोण शाळेत गेलं असतं?

दोन लेकरांचा बाप

सगळ्यांची माफी मागून वेगळं बोलतो. माझी दोन्ही पोरं अशाच एका शाळेत आहेत. गेल्या पावसाळ्यात मधल्या सुट्टीत सोप्यावरची रीप मोडून कौलं खाली आली. वर्ग भरलेला असता तर काय झालं असतं, या विचारानं अजून झोप उडते. इतिहास जपायला पाहिजे हे मान्य, पण लेकरं त्या छपराखाली बसणार आहेत. पाडायची म्हणणारे सगळेच बेफिकीर नसतात, काही घाबरलेले असतात.

कौलारू

बापदादा, तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि यात कुणी माफी मागायचं कारण नाही. छप्पर धोक्याचं असलं तर त्याखाली एकही पोर बसवू नये. त्यात तडजोड नको.

फक्त छप्पर धोक्यात असणं आणि इमारत धोक्यात असणं यात फरक आहे. कौलारू इमारत दरवर्षी रोहिणीच्या आत शाकारून घ्यावी लागते. कौलं उतरायची, शेवाळ झाडायचं, फुटकी बदलायची, कुजलेल्या रीपा काढायच्या. हे काम आधी गावकी करायची. मग शाकारणारी माणसं कमी झाली आणि इमारत कुणाची हेच कुणाला कळेनासं झालं. दोन-तीन वर्षं शाकारणी चुकली की पाणी आधी रीपेत, मग वाशात आणि मग भिंतीच्या माथ्यात शिरतं. भिंतीचा माथा भिजला की चुना सुटतो. दगड शंभर वर्षं टिकलेला असतो, पण वर चार वर्षं कुणी चढलेलं नसतं.

वडदादा, तुमच्या तिसऱ्या फोटोत खालच्या दगडावर सिमेंटचा गिलावा दिसतोय. तो कधी केला? जुनी भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि चुन्याच्या दरजांतनं बाहेर टाकते. वरनं सिमेंट फासलं की ती वाट बंद होते, ओल आणखी वर चढते आणि विटा भुसभुशीत होतात. गिलावा करणाऱ्यांनी भल्यासाठीच केला असणार. पण आधी तो खरवडून काढा आणि भिंत एक उन्हाळा वाळू द्या. मग ठरवा पाडायची का ते.

पूर्वेकडच्या त्रिकोणी भिंतीला तिरकी भेग आहे, ती मात्र जवळ जाऊन बघायला पाहिजे.

निवृत्त बाई

मी जिल्ह्यात ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली अकरा वर्षं अशाच दोन जुन्या इमारतींत. म्हणून लिहायला बसले.

आधी त्या भेगेचं. माझ्या पहिल्या शाळेतही त्रिकोणी भिंतीला तशीच भेग होती. मोठे गुरुजी सांगायचे की ती कोयनेच्या भूकंपाची. ११ डिसेंबर १९६७, पहाटेची वेळ, त्यामुळं शाळा रिकामी होती. कोल्हापुरातली सगळी माणसं अंगणात आली होती. त्या दिवशी गुरुजींनी भेगेच्या दोन्ही बाजूंना चुन्याच्या टिकल्या लावून ठेवल्या. टिकली तडकली तर भेग वाढतेय, नाही तर नाही. मी असेपर्यंत टिकल्या शाबूत होत्या. तुमच्या भिंतीवर तसलं काही दिसतंय का बघा, वड.

आता आतलं. बाहेरनं पाच खण दिसतात, आतनं ते एकच लांब दालन असतं. चारही वर्ग एकाच छपराखाली, दोन शिक्षक. पहिलीची उजळणी चालू असताना चौथीला भागाकार शिकवायचा. लोकांना वाटतं गोंधळ होत असेल. व्हायचा, पण पहिलीतली पोरं चौथीचे पाढे ऐकून ऐकून पाठ करायची. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी सगळ्यांनी एका सुरात म्हटलेली अजून माझ्या कानात आहे. फळा वेगळा नसायचा. भिंतीचाच चौकोन गुळगुळीत करून काळा रंगवायचा आणि दिवाळीच्या सुट्टीआधी पोरं पानांचा रस नि कोळसा लावून तो परत काळा करायची. जमीन मातीची होती, शनिवारी मुली शेणानं सारवायच्या. मुलग्यांना पाणी आणायला लावायचं आणि मुलींना सारवायला. तेव्हा त्यात मला काही खटकलं नाही, आता खटकतं. शहाबादी फरशी आली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मुलींना झाला.

मधल्या काळात सुकडी आली, पुढं १९९५ नंतर महिन्याला ३ किलो तांदूळ. पोती याच सोप्यात उतरायची. हजेरी भरली नाही तर तांदूळ नाही, म्हणून ऊसतोडीच्या दिवसांतही आया पोरांना हाताला धरून आणून सोडायच्या. पाऊस सुरू झाला की कौलांवरचा आवाज इतका असायचा की शिकवणं थांबवून गोष्ट सांगायचीही सोय नव्हती. मग आम्ही सगळे नुसते बसून पाऊस ऐकायचो.

वड, तुम्ही भिंती मोजताय, चांगलं आहे. पण कपाटं उघडा. शाळेचं वय जनरल रजिस्टरात, म्हणजे दाखल झालेल्या मुलांच्या नोंदवहीत असतं. ते कायम जपायचं दप्तर आहे, ते निर्लेखनात जात नाही. त्याच्या शेजारी शेरेबुक असेल. दिपोटी (शाळा तपासणारे अधिकारी) तपासणीला आले की त्यात शेरा लिहून जायचे, इमारतीचाही. इमारत रिकामी करताना भंगारवाल्याच्या गाडीत काय चढतं यावर कुणीतरी उभं राहून लक्ष ठेवा. एका गावात बदलीवर गेले तेव्हा मला पहिली चाळीस वर्षं मिळालीच नाहीत. रजिस्टर दोनपासून सुरू होत होतं.

मोडी वाचक

बाईंनी मोलाचं सांगितलं. त्यात थोडी भर घालतो.

संस्थानकाळातली रजिस्टरं बहुधा मोडीत असतात. मोडी शाळांतनं गेली ती १९५० च्या दशकात, त्यामुळं त्याआधीचं पान उघडलं की आजच्या शिक्षकाला अक्षर लागत नाही आणि 'हे काही वाचता येत नाही' म्हणून ते कोपऱ्यात जातं. २०२३ ला कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा शाळांची जुनी रजिस्टरं पहिल्यांदा मोठ्या प्रमाणात बाहेर निघाली. चांगलं झालं. पण पानं हाताळताना फाटली, चिकटपट्ट्या लागल्या, काही ठिकाणी लॅमिनेशनही केलं गेलं. कृपा करून चिकटपट्टी आणि लॅमिनेशन करू नका. झेरॉक्सच्या काचेवर वही उलटी दाबू नका, शिवण सुटते. दिवसाच्या उजेडात, सावलीत वही सपाट ठेवून मोबाईलनं सरळ वरनं फोटो काढा. पान उलटताना खालनं हाताचा आधार द्या.

आणि कोल्हापूरला पुराभिलेखागार आहे, संस्थानची दप्तरं तिथं आहेत. करवीर गॅझेटही (संस्थानचं राजपत्र) बघा. जागेसाठी तलाठ्याकडचे जुने फेरफार पाहा. शाळेला जागा कुणी दिली ते तिथं सापडतं.

पंचगंगाकाठी

मी नदीच्या खालच्या अंगाच्या गावातला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४३ आहे. आमची जुनी शाळा छातीभर पाण्यात आठवडाभर उभी होती. पाणी उतरल्यावर आत गुडघाभर गाळ. सगळ्यांनी धरलं होतं की आता ही पडणार. ती पडली नाही. दगडाच्या दरजा धुतल्या गेल्या होत्या तेवढ्याच. २०२१ ला परत पाणी आलं आणि परत तेच झालं.

रजिस्टरं मात्र गेली. खालच्या फडताळात होती. वाळत घातली तर पानांचा लगदा झाला. माझ्या आईच्या जन्मतारखेचा एकमेव पुरावा त्यात होता.

वडभाऊ, तुमचं गाव नदीकाठचं आहे. इमारतीचं पुढं काय व्हायचं ते होईल. मृग लागायच्या आत वह्यांचे फोटो काढा.

वेशीवरचा वड (धागाकर्ता)

दोन आठवड्यांनी लिहितोय.

मुख्याध्यापक बाईंना भेटलो. त्या स्वतःच उत्सुक होत्या. लोखंडी पेटीत सगळ्यात तळाला तीन रजिस्टरं आणि एक शेरेबुक निघालं. वरच्या वहीचा पुठ्ठा वाळवीनं खाल्लाय, आतली पानं ठीक आहेत. शाळा सुटल्यावर सोप्यात बसून तीन संध्याकाळी फोटो काढले आणि मोडी वाचक यांना पाठवले. त्यांनी रात्री जागून वाचून दिलं.

पहिलं रजिस्टर कायद्यानंतरच्या दुसऱ्या वर्षात सुरू होतं. शेरेबुकातल्या सुरुवातीच्या शेऱ्यांत शाळा मारुतीच्या देवळात भरते असंच लिहिलंय आणि दर खेपेला जागा अपुरी असल्याची तक्रार आहे. इमारतीचा उल्लेख बऱ्याच पानांनंतर येतो. आजोबांचं बरोबर होतं.

एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. जात लिहायच्या रकान्यात पहिल्या काही पानांवर एकाच प्रकारच्या नोंदी आहेत. मग महारवाड्यातली, मांगवाड्यातली पोरं त्याच वहीत, त्याच अनुक्रमांकात, पाटलाच्या नातवाच्या खालोखाल दिसायला लागतात. हे वाचून दाखवलं तेव्हा आमच्या गल्लीतले एक ऐंशी वर्षांचे काका उठून जवळ आले. त्यांना त्यांच्या वडलांचं नाव बघायचं होतं. मोडी त्यांना येत नव्हती. बोट ठेवून दाखवल्यावर त्यांनी त्या नावावर हात फिरवला. पान जुनं आहे, हात लावू नका, असं म्हणायला मला सुचलं नाही.

शाहूनगरी

१९१९ ला महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांच्या शाळेत बसवायचा हुकूम काढला. तुमच्या वहीत दिसतंय ते त्या हुकमाचं गावातलं रूप. आपण हुकूम पुस्तकात वाचतो. तो खरंच गावात पोचला का, याचं उत्तर अशा वह्यांखेरीज कुठंच नसतं. हे पान पाटीवर लावण्याजोगं आहे.

मुलींच्या नोंदी कधीपासून आहेत?

वेशीवरचा वड (धागाकर्ता)

पहिल्या वहीत चारच. दुसरीत वाढतात. त्या चारपैकी तिघींच्या पुढं, वर्षाच्या आत शाळा सोडल्याची नोंद आहे. चौथी मुलगी इयत्ता चौथीपर्यंत टिकली.

निवृत्त बाई

त्या चौथ्या मुलीचं घर शोधा, वड. नाव इथं लिहू नका, पण शोधा. संस्थानात मुलींच्या शाळांवर रखमाबाई केळवकरांसारखी बाई देखरेखीला होती, पण ते शहराच्या जवळ. खेड्यात मुलग्यांच्या शाळेत चार वर्षं बसलेल्या मुलीच्या घरात काहीतरी वेगळं घडलं असणार. तिची नात, पणती गावात असेल.

दोन लेकरांचा बाप

वड, तुमचं वाचून मी आमच्या शाळेत जाऊन रजिस्टरं आहेत का विचारलं. आहेत. शाळा व्यवस्थापन समितीत मी सदस्य आहे, पुढच्या बैठकीत फोटो काढायचा विषय घेतोय. छपराबद्दलचं माझं मत बदललेलं नाही.

कौलारू

बदलूही नका. वडदादा, मी रविवारी येऊन इमारत बघून गेलो, इथं सगळ्यांसाठी लिहितो. दगडाचं काम खणखणीत आहे. पूर्वेच्या भेगेवर बाईंनी सांगितल्या तशा टिकल्या खरंच आहेत, दोन तडकलेल्या, एक शाबूत. तडकलेल्या वरच्या बाजूला आहेत, तिथं पाणी उतरतंय. तुळया सागवानी आणि ठीक, वाशांतले अकरा बदलावे लागतील, रीपा सगळ्या. सिमेंट खरवडायला लागेल. वर्ग भरवायचे असतील तर बांधकाम खात्याच्या अभियंत्याचा दाखला हवाच, माझं मत पुरेसं नाही. वाचनालय किंवा रजिस्टरांची खोली करायची असेल तर माणसांची वर्दळ कमी, तिथनं सुरुवात करता येईल. नव्या खोल्यांना मागं जागा आहे, मी पावलांनी मोजली.

वेशीवरचा वड (धागाकर्ता)

काल ग्रामसभा झाली. निर्लेखनाचा विषय पुढच्या सभेपर्यंत थांबवलाय, रद्द झालेला नाही. नव्या खोल्या मागच्या बाजूला घ्यायला हरकत नाही असं बहुतेकांचं म्हणणं पडलं, दोघांनी विरोध केला आणि त्यांची पोरं शाळेत आहेत, त्यामुळं त्यांचं ऐकून घेतलं. शाकारणीसाठी गल्लीतनं एकोणीस जणांनी नावं दिली. त्यातल्या तिघांनाच कौलं परतता येतात, बाकीचे खालनं द्यायला.

पाटीबद्दल वाद झाला. काही म्हाताऱ्या माणसांना १८६५ सोडवत नाही. शेवटी ठरलं की रंगवण्याआधी इमारतीचं साल पुराभिलेखागारात जाऊन शोधायचं, तोवर पाटी तशीच.

त्या मुलीचं घर सापडलं. तिची नात शेजारच्या गावात दिलेली आहे, अंगणवाडी चालवते. तिला रजिस्टर बघायला बुधवारी बोलावलंय. मोडी वाचक, त्या पानाच्या उजव्या रकान्यात शाई फुटली आहे, तिथं नक्की काय लिहिलंय ते तिला दाखवण्याआधी एकदा बघाल का?

मोडी वाचक

तो फोटो सकाळी परत काढून पाठवा, वडदादा. खिडकीच्या डाव्या बाजूनं उजेड येईल असा. कालच्या फोटोत शेवटच्या रकान्यावर तुमच्या डोक्याची सावली पडली आहे.